मायक्रोकंट्रोलर बोर्ड : नवशिक्यासाठी निवड

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि बाह्य उपकरणांशी जोडणी करणारी व्यवस्था एकाच चिपवर असलेला छोटा संगणक. शिकणाऱ्यासाठी तो यूएसबी जोडणी असलेल्या तयार बोर्डावर मिळतो. हाताशी पैसे थोडे असले की निवड बहुधा बोर्डाची किंमत पाहून होते. परंतु प्रोग्रॅम बोर्डावर चढवण्याचे आणि त्यातली चूक शोधण्याचे साधन हाही खर्चाचाच भाग आहे. नवशिक्याचा बराच वेळ चुका शोधण्यात जातो. म्हणून ज्या बोर्डावर चूक स्वस्तात सापडते आणि दुरुस्त होते, तोच खरा स्वस्त मानला पाहिजे.

2005 मध्ये इटलीतील इव्रेआ येथे सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पाने साधा बोर्ड आणि मोफत सॉफ्टवेअर देऊन हे क्षेत्र सामान्यांना खुले केले. मात्र त्याच्या प्रसिद्ध उनो बोर्डावरील एटीमेगा328पी या 8-बिट चिपमध्ये रॅम अवघी 2 केबी असते, आणि प्रोग्रॅम मध्येच थांबवून आतली स्थिती तपासायची तर वेगळे उपकरण घ्यावे लागते. 2021 मध्ये 4 डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोत 264 केबी रॅम आहे. प्रोग्रॅम चढवणारा मूळ कोड चिपच्या रॉममध्ये कायमचा असल्याने सदोष प्रोग्रॅममुळे बोर्ड अडकला, तरी बूटसेल बटण दाबून यूएसबी जोडली की नवा प्रोग्रॅम चढवता येतो. शिवाय दुसऱ्या पिकोत मोफत फर्मवेअर भरले, की तोच डिबगर, म्हणजे चूक शोधण्याचे उपकरण, होतो.

उनोसाठी धडे विपुल आहेत आणि त्याच्या पिना 5 व्होल्ट सहज पेलतात, हा आक्षेप रास्त आहे. पिकोच्या पिना 3.3 व्होल्टच्या असल्याने 5 व्होल्टचा सिग्नल थेट दिल्यास चिप बिघडू शकते. तो आधी दोन रेझिस्टरांनी उतरवून घ्यावा लागतो. धड्यांची उणीव मात्र मोठी नाही, कारण आर्डुइनोचे सॉफ्टवेअर पिकोवरही चालते आणि मायक्रोपायथॉन या भाषेचा पर्यायही आहे. वाय-फाय हवे असेल तर ईएसपी32 घ्यावा, हा सल्लाही चुकीचा नाही. त्याच्या सी3 आणि एस3 या प्रकारांच्या चिपमध्येच डिबगिंगची सोय असल्याने वरील कसोटीला तेही उतरतात. वाय-फायची गरज नसलेल्या नवशिक्याने मात्र दोन पिको घेऊन सुरुवात करावी. मूळ किमतीने 8 डॉलरमध्ये त्याला बोर्ड मिळतो आणि चूक शोधण्याचे साधनही.