फासा आणि हरिण

शिकार म्हटली की आम्हां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे बंदूक उभी राहते. यवतमाळ, अमरावती, अकोला या मुलखातील फासेपारध्याचे साहित्य मात्र साधे असे : लांब दोरीला ओळीने लावलेले चिवट फास, ते रोवण्याच्या खुंट्या आणि शिकविलेला एक बैल. चरत्या बैलाला हरिण बुजत नाही. त्याच्या आडोशाने, वारा अंगावर घेत, पारधी पुढे सरके व कळप हलकेच फासांकडे वळवी. खूर कधी उमटले, हे त्याला मातीच सांगे.

१८७१ पासूनच्या इंग्रजी कायद्यांनी अनेक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. त्यांत पारधीही आले. अब्रू गेली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, धंदाही गेला.

ही बंदी योग्यच होय, नाहीतर माळावर काळवीट उरले नसते. पण हरिण वाचविताना पारध्याच्या पोटाचा विचार आम्ही कितीसा केला? टिपेश्वरच्या अभयारण्यात आज हरणे राखावयाची आहेत. माग ओळखणारी नजर ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना राखणदार करावयाचे सोडून आम्ही अजून त्यांच्याकडे संशयाने पाहतो. कायदा रद्द झाला. आमची नजर बदलावयाची आहे.