घुमट आणि गाठ

उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे लाँच निघाली, की घारापुरीच्या पलीकडे ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावरचा पांढरा घुमट दिसतो. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ती ‘सायरस’ अणुभट्टी. १० जुलै १९६० रोजी सुरू झाली आणि २०१० अखेर बंद झाली. लहानपणी आम्हाला त्या घुमटाची भीती वाटे. तिथे औषधासाठी लागणारी समस्थानिकेही तयार होत, हे मला फार उशिरा कळले, आत्याच्या आजारपणात.

आत्याला छातीत गाठ लागली होती. दुखत नव्हती, म्हणून वर्षभर ती कोणाला बोलली नाही. परळला नेले तेव्हा हाडांचे स्कॅन झाले. त्यासाठी शिरेतून दिले जाते ते द्रव्य म्हणजे टेक्नेशियम-९९एम. रोग हाडांत पोचल्याचे त्या चित्राने अचूक दाखवले. पण तोवर अचूकपणाचा उपयोग उरला नव्हता. हीच यंत्रणा आधी का वापरत नाहीत, हा प्रश्न मला तेव्हापासून छळत राहिला.

टेक्नेशियम १९३७ मध्ये पालेर्मो येथे पेरिये आणि सेग्रे यांना सापडले. कृत्रिम रीतीने मिळवलेले हे पहिलेच मूलद्रव्य. त्याचे ९९एम हे रूप सहा तासांत निम्मे होते; म्हणून ते साठवता येत नाही. ६६ तास अर्धायुष्य असलेल्या मॉलिब्डेनमपासून ते रोज ‘दुहून’ काढतात. त्या उपकरणाला प्रयोगशाळेत ‘गाय’च म्हणतात! परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात १९६३ साली अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि ही विद्या आपल्या दारात आली.

स्तनाच्या गाठीसाठी तिचा उपयोग नव्वदच्या दशकात पुढे आला. हृदयाच्या तपासणीसाठी बनवलेले सेस्टामिबी हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींतही जास्त साठते. मॅमोग्राफीत दाट स्तनाची ऊती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच. या चित्रात मात्र गाठ वेगळी उजळते. मग सरसकट चाळणीसाठी ते का नको? कारण क्ष-किरण स्तनापुरते राहतात, हे द्रव्य मात्र शरीरभर फिरते. शिवाय प्रत्येकीला सुई आणि सुमारे चाळीस मिनिटे. हजारो निरोगी बायकांना दर दोन वर्षांनी एवढा किरणोत्सर्ग देणे परवडणारे नाही. म्हणून त्याची जागा पूरक तपासणीची, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी काखेतली पहिली लसिकाग्रंथी शोधण्यासाठी टेक्नेशियमची.

चाळणीचे उत्तर मुंबईतच, पण यंत्राविना शोधले गेले. १९९८ पासून टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तन तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्यांत रोग पुढच्या टप्प्यांत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के, इतरांत ४७. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही, आणि एकूण घट १५ टक्के असली तरी संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती उतरली नाही. हेही सांगितलेच पाहिजे.

आत्या तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. तिच्या गाठीला घुमटापलीकडच्या विज्ञानाआधी एका जाणत्या हाताची गरज होती, आणि त्याआधी ‘गाठ लागतेय’ एवढे दोन शब्द घरात बोलता येण्याची. आता लाँचमधून घुमट दिसला, की भीती वाटत नाही. आत्याचे ते वर्ष आठवते.