वत्सगुल्माची वेणीफणी : कुरळे केस, विरळ केस

मागच्या वेळी आपण वाशीमच्या ताम्रपटापाशी थांबलो होतो. 1939 साली इथे सापडलेला, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, राज्यवर्ष 37 मधला, थोडा संस्कृत आणि थोडा प्राकृत. आज त्याच घराण्याकडे पुन्हा जायचं आहे, पण राजाकडे नाही, केसांकडे. विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलंच, की इतिहासाच्या मालेत हे वेणीफणीचं काय काढलंत? काढलं, कारण या मालेत मुली जे प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवतात त्यात हा प्रश्न सारखा येतो: केस कुरळे आहेत, भांग रुंद होत चाललाय, काय लावू? या "काय लावू"मध्ये इतिहासातली एक गफलत दडलेली आहे. ती आज उलगडून बघू.

सुरुवात वाशीमपासूनच. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या धाकट्या शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे हरिषेण राज्य करत होता. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं आणि भिंतीवर वाकाटकांची वंशावळ लिहून ठेवली. त्याच लेखात विंध्यसेनाने, म्हणजे आपल्या ताम्रपटातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीने, कुंतलच्या राजाला हरवल्याचा उल्लेख आहे. कुंतल हा देश, आणि कुंतल म्हणजे केसही. योगायोग म्हणून सोडून देऊ, पण आजच्या विषयाला शकुन चांगला आहे.

आता शेजारच्या सतराव्या लेण्यात चला. तिथे आरशात बघत शृंगार करणारी राजस्त्री आहे, बाजूला दासी आहेत. अजिंठ्यात हिंडताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: कपाळावर आलेली आणि खांद्यावर उतरलेली वळणावळणाची बट. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या खांद्यावरही ती आहे. बुद्धमूर्तीच्या मस्तकावर तर उजवीकडे वळलेली बारीक कुरळी वलयं आहेत, म्हणजे महापुरुषाचं लक्षणच कुरळं. ज्या काळात आपलं गाव राजधानी होतं, त्या काळात कुरळा केस हा सरळ करण्याचा केस नव्हता. तो जपण्याचा होता, नसला तर मुद्दाम घडवण्याचा होता. अमरकोशात कुरळ्या बटेला "अलक" शब्द आहे आणि त्याचा अर्थ दिलाय "चूर्णकुंतल". चूर्ण लावून वळवलेले केस. आजच्या भाषेत, स्टायलिंग केलेले.

कामसूत्र हा ग्रंथ नको त्या कारणासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात वत्सगुल्मातल्या लोकांचं नाव येतं, आणि त्यात नागरकाच्या दिनक्रमाचं एक वेळापत्रकही आहे. स्नान रोज. अंग मर्दन एक दिवसाआड. फेनक, म्हणजे फेस येणारं द्रव्य, तिसऱ्या दिवशी. दाढी चौथ्या दिवशी. बघा, पाणी रोज आणि फेस रोज नाही! हा फरक त्या माणसाला कळत होता. शिवाय चौसष्ट कलांच्या यादीत केसांच्या मर्दनाचं कौशल्यही नोंदलेलं आहे. ते हाताचं काम होतं, शिकायचं होतं, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचे हात लागत. सतराव्या लेण्यातली ती दासी विसरू नका. राजस्त्रीच्या केसांची निगा म्हणजे दासीचा वेळ. दासीच्या स्वतःच्या केसांना कोण वेळ देत होतं, ते चित्रात नाही.

ही झाली केसाच्या लांबीची निगा. गळण्याचं काय? ते वेगळ्या ग्रंथात आहे, आणि ते वेगळ्या ग्रंथात असणं हाच आमच्या मते आजचा मुख्य मुद्दा. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात, क्षुद्ररोगांमध्ये, इंद्रलुप्त आणि खालित्य येतं. कारणमीमांसा अशी, की पित्त वातासह केसाच्या मुळाशी जाऊन केस पाडतं, मग कफ आणि रक्त ती रोमकूपं बुजवतात, म्हणून तिथे पुन्हा केस येत नाही. वात-पित्त-कफाची भाषा आज बाजूला ठेवली तरी निरीक्षण पक्कं आहे. केस पडणं ही एक घटना, छिद्र बंद होणं ही दुसरी. आणि हे सगळं घडतं मुळाशी. तिथे बटेच्या वळणाचा, फेसाचा, चूर्णाचा संबंध नाही.

म्हणजे हिशोब दोन होते. लांबीचा हिशोब प्रसाधनाकडे, मुळाचा वैद्याकडे. विसाव्या शतकात बाजाराने दोन्ही एकाच बाटलीत घातले: केस मऊ करील तेच केस उगवील. तिथून "काय लावू" सुरू झालं.

अर्थात घरोघरच्या बायकांनी हा फरक ग्रंथ न वाचता सांभाळला होता. आपल्याकडे एक शब्द आहे, गुंतवळ. वेणी घालताना फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळून आजी जो गोळा करायची, तो. काही घरांत तो भिंतीच्या फटीत खोचून ठेवत, मग केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला देत. पण देण्याआधी आजी तो बघायची, आज मोठा आहे की रोजच्याएवढा. रोज पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविक आहे असं आजचं वैद्यक सांगतं. आजी मोजत नव्हती, पण तिचा अंदाज तोच होता. "बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात" हेही ती सांगायची. बाळ हसतं दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि बाळंतपण, ताप, मोठं आजारपण यांनंतर केस गळायला लागतात तेही साधारण तितक्याच अवधीने. बाळाचा दोष नाही, केसाच्या चक्राचा तेवढा काळ असतो, आणि ही गळती बहुधा आपोआप थांबते.

तुम्ही आज घरी जाऊन गुंतवळ बघा. एकेक केस उजेडात धरा. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळातून पडलेला. तशी गाठ नसेल आणि केस आखूड असेल तर तो मधेच तुटलेला. कुरळ्या केसांत हा दुसरा प्रकार फार असतो. कुरळा केस प्रत्येक वळणावर नाजूक असतो, आणि टाळूचं तेल त्या वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी पडतात. त्यावर कोरड्या केसांत बारीक दातांची फणी घातली की तटातट. फणी ही मुळात उवा काढण्याचं हत्यार, ती कुरळ्या केसांचा गुंता काढायला नाही. गुंता काढायचा तो ओल्या केसांत, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर जात.

गुंता काढलाच नाही तर काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. जट. केस एकमेकांत अडकून दोरखंड होतो, आणि कुणीतरी म्हणतं देवी आली, आता कात्री लावायची नाही. मान दुखते, उवा होतात, वास येतो, आणि एखाद्या मुलीचं सगळं आयुष्य त्या जटेला बांधलं जातं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घराघरांत बसून, समजूत काढून, शेकडो बायकांच्या जटा कापल्या आहेत. जट कापायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो भीती घालवायला. ज्यांना वेणीफणी हा क्षुल्लक विषय वाटतो त्यांनी त्या बायकांशी बोलावं.

आणखी एक तिसरी जागा आहे, जिथे लांबी आणि मूळ एकमेकांना भेटतात: ओढ. शाळेच्या दोन वेण्या आठवा, लाल रिबीन, तेल चोपडून इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. कुरळ्या केसांच्या मुलीला तर जास्तच, कारण "झिपऱ्या दिसायला नकोत". आपल्या जिल्ह्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. जुन्या पद्धतीने राहणाऱ्या बंजारा बायांच्या कानशिलाशी केसांत अडकवलेली चांदीची घुगरी आपण पाहिली आहे. ती सौभाग्याची खूण आहे, देखणीही आहे. पण दागिन्याचं वजन असो की शाळेची वेणी की घट्ट पोनीटेल, वर्षानुवर्षं एकाच जागी ओढ बसली की कानशिलावरची रेघ मागे सरकते. लवकर सैल केलं तर केस परत येतात. फार उशीर झाला तर सुश्रुताने सांगितलेली दुसरी घटना होते, छिद्र बुजतं.

मग पाणी. आपण बेसाल्टच्या खडकावर बसलोय. बोअरचं पाणी जड, डाळ शिजायला वेळ लागतो हे घरातली बाई कुठल्याही प्रयोगशाळेआधी सांगते. जड पाण्यात साबण फुटतो आणि त्याचा पांढरट साका केसावर बसतो. शिकेकाई आणि रिठ्याच्या फेसाचा असा साका होत नाही. म्हणून शिकेकाईच्या जागी अंगाचा साबण डोक्याला आला तेव्हा कुरळे केस काथ्यासारखे झाले, आणि पुढे शाम्पूची पुडी आली तेव्हा लोकांना सुटल्यासारखं वाटलं. त्यात चूक नव्हती. आम्ही काही "जुनं तेच सोनं" म्हणायला उभे नाही. शिकेकाई डोळ्यांत गेली की काय होतं ते ज्यांनी भोगलंय ते आमच्याशी सहमत होतील! सौम्य शाम्पू टाळूला, आठवड्यातून एक-दोनदा, बस. टोकांना फेस चोळायची गरज नाही.

तेलाबद्दल सांगतो, कारण त्यावरच जास्त वाद होतो. 2003 साली मॅरिको या तेल कंपनीच्याच संशोधकांनी एक अभ्यास छापला: खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना-विंचरताना केसातलं प्रथिन कमी जातं, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं होत नाही. बघा, तेल विकणाऱ्या कंपनीच्या अभ्यासातही फायदा कुठे मोजलाय? लांबीत. खोबरेल लावा, धुण्याआधी लावा, कुरळ्या टोकांना जरूर लावा. पण रुंद होणारा भांग त्याने भरेल ही अपेक्षा ठेवू नका.

मुळाचा हिशोब कुठे लागतो, ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात अलीकडेच दिसलं. 2024 च्या डिसेंबरअखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याच्या आसपासच्या गावांत माणसांचे केस मूठमूठ हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. अठरा गावं, 279 माणसं, त्यात कॉलेजच्या मुलीही होत्या. काहींनी लाजेने डोकंच भादरून घेतलं. आधी संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला. आयसीएमआरचं पथक आलं. पुढे विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून सांगितलं, की रेशनच्या गव्हात सेलेनियम भरमसाट होतं आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी होतं. हे त्यांचं निदान. त्या काळात गावात कुणी कुठलं तेल लावलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. कारण ताटात होतं.

ताटाचीच दुसरी बाजू आपल्या रोजच्या ओळखीची आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! शेवटी जेवणारी बाई, पाळीत जास्त रक्त जाणारी मुलगी, सोयाबीनच्या सोंगणीत दिवस काढणारी मजूर, यांचा भांग रुंद होतो तेव्हा प्रश्न बाटलीचा नसतो. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन, थायरॉइड, एवढ्या तपासण्या आधी. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. टाळूवर एखादा चट्टा गुळगुळीत, चकचकीत झाला असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला महिनाभर थांबू नका. आणि चाई पडली म्हणून कुणी त्यावर काही घासायला सांगितलं, तर नम्रपणे नाही म्हणा.

प्रश्नोत्तरांत आलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोनच घेतो, वेळ झाली आहे.

एका मुलीने लिहिलंय, "बघायला येणार आहेत, आई केस सरळ करून घे म्हणते." आईला दुखवून काही बोलायचं नाही. पण त्या रसायनी सरळीकरणात अनेकदा फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं, ते श्वासात जातं, आणि आधीच विरळ झालेला केस त्या उष्णतेला तुटतो. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. लग्नाच्या चौथ्या महिन्यात मुळाशी चार सेंटिमीटर कुरळे उगवलेले असणार. ते तेव्हा कुणीतरी बघणारच आहे. आईला अजिंठ्याला घेऊन जा, सतरावं लेणं दाखवा.

दुसरी चिठ्ठी: कुरळ्या केसांचं ते जेल महाग पडतं, घरी काही करता येईल का? येतं. आपल्या वऱ्हाडात जवसाची चटणी नाही असं घर विरळा. तेच जवस दोन चमचे, दोन कप पाण्यात उकळा, सारखं ढवळा. अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी तार धरली की उतरवा. न्हाल्यावर केस ओले असतानाच टोकांकडून हाताने चुरगाळत लावा, मग वाळेपर्यंत हात लावू नका. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आणि गाळायचं ते गरम असतानाच, पातळ फडक्यातून. गार झाल्यावर उतरत नाही, सगळं फडक्यातच राहतं.