व्यापारी संदेशवहन : चौल बंदर ते संगणक

मालाची आवक-जावक, बाजारभाव, हुंड्यांचा भरणा आणि जहाजांच्या हालचाली यांविषयीची खबर एका पेढीकडून दूरच्या दुसऱ्या पेढीकडे पोहोचविण्याची व्यवस्था म्हणजे व्यापारी संदेशवहन होय. शीघ्रता हा तिचा एक गुण असला, तरी तो मुख्य नव्हे. पाठविलेला संदेश पोहोचला की नाही हे पाठविणाऱ्यास कळावे, वाटेत कोणी त्यात फेरफार केल्यास तो उघड व्हावा आणि एकच संदेश दोनदा पोहोचला तरी त्याची अंमलबजावणी एकदाच व्हावी, या तीन गरजांभोवती ही व्यवस्था घडत गेली. आज बँका व व्यापारी संस्था ई-मेल आणि एसएमएस यांच्याद्वारे संदेश पाठवितात. त्या प्रणालींच्या आज्ञावलींची रचनाही याच गरजांवर उभी आहे. या व्यवस्थेचा दीर्घ इतिहास एकाच ठिकाणाच्या आधारे पाहावयाचा, तर कोकणातील चौल हे बंदर त्यास विशेष सोयीचे आहे.

चौल हे रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदीच्या मुखाशी उत्तर तीरावर आहे. खाडीलगतचे रेवदंडा व पलीकडील तीरावरचा कोर्लई किल्ला यांसह ते एकाच बंदराचे भाग होत. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखनात त्याचा उल्लेख ‘सेमिल्ला’ असा येतो. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ व अरबी ग्रंथांत ‘सैमूर’ ही नावे आढळतात. अरब प्रवासी अल् मसूदी हिजरी ३०४ मध्ये (इ. स. ९१६-१७) येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याची येथे सत्ता होती. सीराफ, ओमान, बसरा, बगदाद इ. ठिकाणांहून आलेले व येथेच जन्मलेले सु. दहा हजार मुसलमान येथे राहत असून त्यांच्या प्रमुखास ‘हुनरमन’ म्हणत, असे तो सांगतो. इतक्या दूरच्या गावांशी घरोबा असलेल्या वस्तीचा व्यवहार पत्रांवाचून चालणे शक्य नव्हते.

या पत्रव्यवहाराचे वेळापत्रक मोसमी वाऱ्यांनी ठरविलेले होते. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र बंद राही. हुर्मूझ वा एडनला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा पुढील हंगामातच मिळे. खुष्कीचा मार्गही फारसा जलद नव्हता. रशियन व्यापारी अफनासी निकितीन हा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौल येथे उतरून एक घोडा घेऊन जुन्नरला गेला. चौल ते पाली, पाली ते उमरी व उमरी ते जुन्नर या टप्प्यांना त्याने अनुक्रमे आठ, दहा व सहा दिवस दिले आहेत. व्यापाऱ्याच्या काफिल्यापेक्षा पायी धावणारा जासूद बराच वेगवान असे, हे खरे. तथापि उत्तरासाठी थांबून निर्णय घेणे कोणत्याही पेढीस परवडणारे नव्हते. म्हणून पत्र रवाना करणे व त्याच्या उत्तराची वाट पाहणे ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची रीत फार पूर्वीच रुळली.

संदेश मिळूनही त्याची शहानिशा न झाल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण चौलच्याच इतिहासात आहे. मार्च १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेइद याचा मुलगा लोरेंसु हा आपल्या जहाजांसह चौलच्या खाडीत होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार हिंदी समुद्रात उतरल्याच्या वार्ता येत होत्या. परंतु क्षितिजावर दिसलेली जहाजे यूरोपीय बांधणीची असल्याने ती आफोन्सु द आल्बुकेर्कचीच असावीत, असा पोर्तुगीजांचा समज झाला. प्रत्यक्षात ते मामलुक आरमार होते व त्यास दीवचा सुभेदार मलिक अयाज याच्या जहाजांची साथ मिळाली. लढाईत लोरेंसु मारला गेला. मुलाच्या शौर्याची व आपल्या ताब्यातील कैद्यांची हकीकत बापास कळविणारे पत्र पुढे खुद्द मलिक अयाजनेच पाठविले.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशाहाच्या संमतीने रेवदंडा येथे किल्ल्याचे काम सुरू केले. त्यांच्या दप्तरी व्यवहारातील एक पद्धत लक्षणीय आहे. गोव्याहून लिस्बनला जाणाऱ्या महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांतून रवाना होत व प्रत्येक प्रतीवर ती ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ वा ‘तिसरी वाट’ असल्याची नोंद असे. एक जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचे आणि तिन्ही पोहोचल्या, तरी तो एकच हुकूम असल्याचे वाचणाऱ्यास त्या नोंदीवरून कळे. खुष्कीने पत्रे नेणाऱ्या हरकाऱ्यास ते ‘पातामार’ म्हणत. हाच शब्द पुढे कोकण किनाऱ्यावरील जलद गलबतास लागला आणि मराठीत ‘फत्तेमारी’ झाला. व्युत्पत्तीविषयी मतभेद असले, तरी माणसाचे नाव जहाजास मिळावे यात आश्चर्य नाही. दोघांचेही काम एकच होते. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहाने चौलला दीर्घ वेढा दिला, परंतु समुद्राची बाजू त्यास बंद करता आली नाही. गोव्याशी पत्रांची व कुमकेची ये-जा चालू राहिली, हे वेढा फसण्याचे एक प्रमुख कारण होय.

मराठी पत्रव्यवहारात पत्राच्या खरेपणाची व्यवस्था अधिक रेखीव दिसते. मजकूर संपताच ‘लेखनसीमा’, ‘मर्यादेयं विराजते’ अशा अर्थाची लहान मुद्रा उमटवीत, जेणेकरून तिच्याखाली नंतर कोणी ओळ घातल्यास ती लपू नये. पत्र हाती पडल्याची तारीख, म्हणजेच ‘पैवस्ती’, पत्रावरच नोंदली जाई. जासूद बहुधा जोडीने पाठवीत. लिहिणारा, मोर्तब करणारा, नेणारा आणि पावल्याची नोंद करणारा ही माणसे वेगवेगळी असत. नेणाऱ्यास मजकूर कळण्याची गरज नसे. चौल १७४० मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आले व तेथील कारभारास हीच पद्धत लागू झाली.

व्यापाऱ्यांची स्वतःची साधने याहून सूक्ष्म होती. त्यांत हुंडीचे स्थान पहिले [⟶ हुंडी]. हुंडी हा पैसे देण्याविषयीचा संदेशच होय. तीत रक्कम अंकांत व अक्षरांत लिहून शिवाय ‘निमे रुपये पाचशे, त्याचे दुप्पट एक हजार’ अशी तिसऱ्यांदा मांडीत, त्यामुळे एखादे शून्य वाढविणे वा पुसणे निरर्थक ठरे. हुंडी निघाल्याची सूचना पैसे देणाऱ्या पेढीस स्वतंत्र पत्राने जाई व दोन्ही मजकूर जुळल्यावरच भरणा होई. मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ नावाची दुसरी प्रत व तीही हरवल्यास ‘परपेठ’ देत. प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रतींचा हवाला असे. तिन्ही हाती आल्या, तरी पैसे एकदाच द्यावयाचे. चुकती झालेली हुंडी ‘खोका’ म्हणून जपून ठेवीत. संदेश पुनःपुन्हा पाठविण्याची मोकळीक आणि त्याचा परिणाम एकदाच होण्याची हमी यांची इतकी नेटकी सांगड अन्य जुन्या साधनांत क्वचितच आढळते. भाव गुप्त ठेवण्यासाठी दलाल व सराफ ‘नंदभाषा’ ही सांकेतिक बोली वापरीत. तीत एकास केवली, दोनास आवारू, तिनास उधानू अशी नावे आहेत.

खाडीतील गाळ आणि मुंबईचा उदय यांमुळे चौलचा व्यापार ओसरला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलचे काही विणकर मुंबईत वसविण्यात आले होते. पुढे पेढ्यांचा ओघही तिकडेच वळला आणि या इतिहासाचे पुढील टप्पे मुंबईत घडले. भारतात तारसेवा १८५५ मध्ये सर्वसामान्यांस खुली झाली व १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. शब्दागणिक दर असल्याने व्यापाऱ्यांनी संपूर्ण वाक्यासाठी एकेक सांकेतिक शब्द देणारे कोश वापरले. ही सेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली.

संगणकांवरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राकडे डाक पाठविण्याचा प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. तिच्या वहनाचे एसएमटीपी हे संकेतनियम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात एर्नेट प्रकल्पाद्वारे मुंबईतील जुहूचे राष्ट्रीय आज्ञावली तंत्रविद्या केंद्र व इतर संस्था १९८०-९० या दशकाच्या उत्तरार्धात ई-मेलने जोडल्या गेल्या, तर सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. भ्रमणध्वनीवरील पहिला एसएमएस इंग्लंडमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठविला गेला. ही दोन्ही साधने ‘साठवा व पुढे पाठवा’ या तत्त्वावर चालतात. प्रत्येक ठाणे संदेश स्वीकारते, साठविते आणि पुढील ठाण्याने तो घेतल्यावरच मोकळे होते. एसएमटीपीच्या नियमांनुसार एकदा संदेश स्वीकारणाऱ्या यंत्रावर तो पोहोचविण्याची, अथवा न पोहोचल्यास पाठविणाऱ्यास तसे कळविण्याची जबाबदारी येते.

मोठ्या व्यापारी संस्थेच्या संदेशप्रणालीत सामान्यतः तीन थर असतात. हिशेब ठेवणारी आज्ञावली संदेश स्वतः पाठवीत नाही. ती तो एका प्रतीक्षा-रांगेत टाकून आपल्या कामास लागते. दुसरी आज्ञावली रांगेतून संदेश उचलून ई-मेलच्या वा एसएमएसच्या ठाण्याकडे सोपविते. तिसरी आलेल्या पोचा नोंदवून मूळ संदेशाशी त्यांचा मेळ घालते. ठाणे तात्पुरते बंद असल्यास वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न होतो. खरी अडचण पोच हरवते तेव्हा उद्‌भवते. पाठविणाऱ्या यंत्रास संदेश गेला नाही की गेला पण पोच परतली नाही, हे कळण्याचा मार्ग नसतो. तेव्हा ते संदेश पुन्हा पाठविते. हा संदेश पैसे वळते करण्याचा आदेश असेल, तर दुप्पट भरणा होण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक संदेशास एकमेव क्रमांक देतात व घेणारे यंत्र त्या क्रमांकाचा आदेश पूर्वी अंमलात आला असल्यास दुसरी प्रत बाजूस ठेवते. पेठ-परपेठेचा नियम तो हाच. संगणक-अभियंत्यांनी तो सराफांकडून घेतला असे नव्हे. अडचण तीच असल्याने उपायही तोच निघाला.

मुद्रेचे काम आता अंकीय सही करते. डीकेआयएम या २००७ च्या मानकानुसार पाठविणारी संस्था मजकुरावरून काढलेली सही पत्रासोबत जोडते. वाटेत मजकूर बदलल्यास ती जुळत नाही. एसएमएसच्या बाबतीत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी व्यापारी संस्थांना आपले प्रेषकनाम व मजकुराचे साचे आधी नोंदविणे बंधनकारक केले. पोर्तुगीजांच्या कार्ताझची, म्हणजे जहाजांना सक्तीने घ्याव्या लागणाऱ्या परवान्याची, येथे आठवण होते. मात्र कार्ताझ जकातीसाठी व धाकासाठी होता, तर हे बंधन ग्राहकास फसवणुकीपासून वाचविण्यासाठी आहे.

मराठीतून व्यवहार करणाऱ्यास एसएमएसची एक मर्यादा जाणवते. एका एसएमएसची धारणशक्ती १४० बाइट असते. रोमन अक्षरे सात बिटांत बसत असल्याने ती १६० मावतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास प्रचलित पद्धतीत सोळा बिट लागतात, म्हणून ७०च मावतात. शिवाय काना, मात्रा व हलन्त स्वतंत्रपणे मोजले जातात. मजकूर त्याहून मोठा झाल्यास त्याचे ६७ चिन्हांचे तुकडे पडतात व प्रत्येक तुकड्याचा आकार वेगळा लागतो. त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा महाग पडतो आणि अनेक संस्था मराठी ग्राहकासही इंग्रजीतूनच कळवितात. सोपी गणना असलेली ही बाब भाषेच्या व्यवहारावर फार दूरगामी परिणाम करणारी आहे.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या उद्‌ध्वस्त झाल्या आणि जिल्ह्यात वीज व भ्रमणध्वनी यांची सेवा अनेक दिवस कोलमडली. वादळापूर्वीचे इशारे एसएमएसने पाठविता येतात. मनोरे पडल्यावर मात्र बँकेचा, नातलगाचा वा शासनाचा कोणताही संदेश गावात शिरत नाही. अशा वेळी एसएमएसचे ठाणे तो ठरलेल्या मुदतीपर्यंत साठवून ठेवते, मधूनमधून प्रयत्न करते आणि मुदत सरल्यावर काढून टाकते. पाठविणाऱ्याने पोच मागितली असल्यास ‘मुदत संपली’ एवढाच शेरा त्याच्याकडे परत जातो. ज्याला तो संदेश लिहिला होता, त्याला तो कधी लिहिला गेला होता हेही कळत नाही.