कोस, मुक्काम आणि विमानाचे तास

रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात बहामनी राज्यात आला. चौल ते जुन्नर या प्रवासाचा त्याने दिलेला हिशेब असा : पालीपर्यंत आठ दिवस, तेथून उमरीपर्यंत दहा, मग पुढे जुन्नर. एकूण तीन आठवड्यांहून अधिक. आज हेच अंतर मोटारीने एका दिवसात कापले जाते. त्या काळी अंतर कोसांपेक्षा मुक्कामांनीच मोजले जाई.

दूरच्या दोन शहरांतले अंतर तेथे न चालता काढता येते, हे मात्र आपल्याकडच्या विद्वानांना त्याहून आधी ठाऊक होते. अल्-बिरूनीने 1025 साली पूर्ण केलेल्या ग्रंथात अक्षांश-रेखांशांवरून गझनीचे स्थान निश्चित केले. पंजाबातील नंदना येथे डोंगराची उंची आणि क्षितिजाचा कोन मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्याही काढली. पृथ्वी गोल, म्हणून सर्वांत जवळची वाट वर्तुळाच्या कंसावरून जाते. आजची विमाने त्याच भूमितीवर चालतात.

हा हिशेब आमच्या पिंपरी-चिंचवडला लागू करून पाहू. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे मोटारींचे कारखाने आले आणि 2009 साली फोक्सवॅगनचा प्रकल्प चाकणला सुरू झाला. जर्मनीशी नाते जुळले, तेव्हा पुणे ते फ्रँकफर्ट थेट विमानही 2008 साली सुरू झाले. पुढे ते बंद पडले. अंतर कंसावरून सुमारे 6,700 किलोमीटर. ताशी साडेआठशेच्या वेगाने साधारण आठ तास. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो म्हणून वेळ वाढतो, परतताना तोच वारा पाठीशी असतो. घड्याळाचे काटे मात्र फसवतात : हिवाळ्यात जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन.

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. त्याची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना अडचण. म्हणून खेड तालुक्यात, चाकणच्या परिसरात नवा विमानतळ करण्याची चर्चा वर्षानुवर्षे झाली. शेतकऱ्यांनी जमिनी देण्यास विरोध केला. 2016 साली सरकारने पुरंदरची निवड जाहीर केली. तेथील गावांनीही तोच प्रश्न विचारला : विमानाचे तास वाचतील, पण आमच्या जमिनीचे काय?

आमच्या मते हा प्रश्न विकासविरोधी नाही. फ्रँकफर्टला जाणारा व्यवस्थापक आणि चाकणच्या नाक्यावर पाळीसाठी बसची वाट पाहणारा कामगार, दोघांचाही वेळ वेळच असतो. एकाचा तास मोजला जातो, दुसऱ्याचा वाया जातो. ज्याचे शेत जाते, त्याच्या तर पिढ्या हिशेबात धराव्या लागतात. निकितिनने दिवस मोजले, बिरूनीने कोन मोजले. कोणाच्या जमिनीवरून कोणाचा वेळ वाचतो, ही मोजणी अजून व्हायची आहे.