क्षतिग्रस्त हार्ड डिस्क आणि इतिहासाची साधने : महाड-पोलादपूरच्या संदर्भात

प्रस्तावना
साधनांवाचून इतिहास नाही, आणि साधनाचे आयुष्य त्याच्या माध्यमाशी बांधलेले असते. सावित्रीच्या खोऱ्यात हे विशेष जाणवते. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले. त्याच दिवशी तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे येथे दरडींनी बळी घेतले. या दोन आपत्तींदरम्यान नोंदी ठेवण्याचे काम कागदाकडून संगणकाकडे बरेच सरकले होते. त्यामुळे क्षतिग्रस्त हार्ड डिस्कमधील माहितीची पुनर्प्राप्ती हा इतिहासाच्या अभ्यासकाचाही प्रश्न ठरतो.

माध्यमाची हानी आणि माहितीचा नाश
१९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तत्त्व आजही तेच आहे : फिरत्या तबकडीच्या चुंबकीय थरावर माहिती उमटते आणि थरापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगणारे हेड ती वाचते. बहुतेक डिस्कना हवेसाठी सूक्ष्म छिद्र असते. पुराचे पाणी व गाळ त्यातून आत शिरतो. तथापि पाण्याने चुंबकीय नोंद पुसली जात नाही. खरा घात होतो तो डिस्क घाईने सुरू केल्यावर, कारण गाळात अडकलेले हेड तबकडी खरवडते. म्हणून भिजलेली डिस्क सुरू करू नये. ती न वाळवता, ओलसर स्थितीत बंद पिशवीत ठेवून धूळविरहित प्रयोगशाळेकडे सोपवावी. वाळलेला गाळ तबकडीला घट्ट चिकटतो. भिजलेले दप्तर सावलीत सुकविण्याची आपली रीत येथे उलट ठरते.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत सापडलेल्या जळक्या डिस्कमधून झेनॉन वायूवरील प्रयोगाची सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

रायगडाचा दाखला
मात्र प्रत्येक तबकडी अशी वाचत नाही. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्याने रायगडावरील इमारती आगीत भस्मसात झाल्या. तरीही १६७४ च्या राज्याभिषेकाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन उपलब्ध आहे, कारण हेन्री ऑक्झेंडनने ते लिहून ठेवले आणि ते ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात, गडापासून दूर, सुरक्षित राहिले.

समारोप
पुनर्प्राप्ती हा अखेरचा उपाय होय; तो खर्चिक आणि अनिश्चित आहे. ग्रामपंचायती, शाळा, ग्रंथालये व महाविद्यालये यांनी आपल्या नोंदींची एक प्रत सावित्रीच्या पूररेषेबाहेर, शक्य तर घाटमाथ्यापलीकडे ठेवणे अगत्याचे आहे. दरडीखाली गेलेल्या वाड्यांचा इतिहास पुढे लिहिला जाईल तेव्हा त्याची भिस्त अशा दूरस्थ प्रतींवरच असेल.