झोळीचा हिशेब

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत हिवाळा लागला की आमच्या कॅन्टीनमध्ये सुट्टीचे बेत सुरू होतात. तरुण सहकारी पाठीवर एक पिशवी टाकून परदेश पाहू म्हणतात. काठमांडूला रात्रीचा पलंग केवढ्याला, कोलंबोत जेवण स्वस्त कुठे, असा रुपयारुपयाचा हिशेब चालतो. त्यांचे ऐकताना मला दर वेळी धर्मानंद कोसंबी आठवतात. हीच दोन ठिकाणे त्यांनी १९०२ साली जवळजवळ रिकाम्या हातांनी गाठली होती.

कोसंबींचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातल्या साखवाळचा. ‘बालबोधमेवा’ या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांना बुद्धाचा ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. म्हणजे त्यांना पुणेसुद्धा एका अर्थी परमुलूखच होते. पुण्यात रा. गो. भांडारकरांची भेट झाली. पुढे ग्वाल्हेर आणि मग संस्कृत शिकायला काशी. ही सगळी हकिगत त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितली आहे.

काशीत विद्यार्थ्याच्या पोटाची सोय अन्नछत्रात होई. गुरुजी फी घेत नसत. मात्र ही पंगत सर्वांसाठी नव्हती; ब्राह्मण म्हणून जन्म घेतलेल्यालाच तिथे पान मांडले जाई. स्वस्त प्रवासाच्या गोष्टी सांगताना आपण हे सहज विसरतो. पैसा नसलेले लोक त्या काळी लाखोंनी होते. पैशावाचून शिकत हिंडण्याची मुभा मात्र थोड्यांनाच होती.

काशीहून ते नेपाळला गेले. आज भारतीयाला तिथे मतदार ओळखपत्र पुरते. तेव्हा राणांचे राज्य होते, आणि काठमांडूच्या खोऱ्यात उतरणारा मोटाररस्ता पूर्ण व्हायला १९५६ साल उजाडायचे होते. तराईतले जंगल आणि मग डोंगर चढून उतरायचे, हाच मार्ग. एवढे कष्ट करून पोचल्यावर तिथला बौद्ध धर्म पाहून कोसंबी निराश झाले. स्वयंभूचा स्तूप आज प्रत्येक प्रवाशाच्या छायाचित्रात असतो. कोसंबींना हवे होते ते बुद्धवचन शिकवणारा गुरू, आणि तो तिथे भेटला नाही.

मला त्यांच्या प्रवासातली ही निराशाच सर्वांत मोलाची वाटते. पाहायला गेलो ते दिसले नाही, हे त्यांनी स्वतःशी कबूल केले, म्हणून पुढची वाट सापडली. बोधगयेत एका भिक्षूने त्यांना सिंहलद्वीपाला जाण्याचा सल्ला दिला. कलकत्ता, मद्रास असे करत त्याच वर्षी ते कोलंबोला पोचले. तिथे हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापलेले विद्योदय विद्यालय होते. कोसंबी पाली शिकू लागले आणि त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. १९०४ साली सगाईंच्या डोंगरातल्या गुहेत ञाणतिलोक या जर्मन भिक्षूबरोबर त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. एक गोव्याचा, एक जर्मनीचा. दोघांचाही चरितार्थ लोकांनी पात्रात घातलेल्या अन्नावर.

म्हणजे तो प्रवास फुकट नव्हताच. अन्नछत्राला देणगी देणारा, विहारात भात आणून देणारी बाई, पत्र लिहून ओळख करून देणारा गृहस्थ, या साऱ्यांनी त्याचा खर्च उचलला होता. कोसंबींना त्या ऋणाची जाणीव होती. पुढे कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडून, सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात आले आणि बुद्धाविषयी मराठीत लिहीत राहिले. १९१० साली पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, तेही ते ज्ञान घेऊनच.

पण एक नाव या हिशेबात सहसा येत नाही. कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि माणिक ही तान्ही मुलगी होती. सुमारे सात वर्षांनी, १९०६ मध्ये, ते गोव्याला परतले. त्यांच्या प्रवासाची हकिगत आपल्याला त्यांच्याच लेखणीतून मिळते. बाळाबाईंच्या शब्दांत ती सात वर्षे आपल्यासमोर नाहीत. झोळी घेऊन निघणाऱ्याला दारे उघडत गेली. मूल कडेवर घेतलेल्या बाईला असे निघता आले नसते.

आमच्या कारखान्यात कंत्राटी कामगार बिहारहून आणि उत्तर प्रदेशातून येतात. एका खोलीत चौघे-पाचजण राहतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात. इतक्या कमी पैशात परमुलखात कसे राहावे, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. पण त्यांना प्रवासी कोणी म्हणत नाही. गावाकडे त्यांचीही तान्ही मुले आहेत.

यंदा नेपाळला निघालेल्या मुलांना मी ‘निवेदन’ची गोष्ट सांगितली. एकाने विचारले, ‘त्यांना एकूण खर्च किती आला?’ मी म्हटले, ‘त्यांचा सांगता येईल कदाचित. घरच्यांचा कोणी मांडून ठेवलेला नाही.’